दगडाचा चेहरा, तांब्यावरची रेघ आणि चुकीचा सेनेका



आजची गोष्ट एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची आहे. गालफडं आत गेलेली, कपाळावर केसांच्या चिकटलेल्या बटा, मानेच्या शिरा ताणलेल्या आणि तोंड किंचित उघडं. बोलता बोलता थांबलाय की शेवटचा श्वास घेतोय, हे कळत नाही. व्हिडिओत मी हे चित्र पडद्यावर लावून ठेवलं होतं. पुस्तकात ते शब्दांनीच उभं करायचं आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

हा चेहरा मला पहिल्यांदा भेटला तो इंदूरमध्ये, बारा वर्षांची असताना. आमच्या गल्लीच्या टोकाला ड्रॉइंगचे एक सर राहायचे. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा मुलं त्यांच्याकडे जायचो. कुठल्याशा जुन्या पुस्तकातून निसटलेलं एक पान त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावलं होतं. खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘सेनेका’. सर आम्हाला टाक आणि शाई द्यायचे आणि त्या चेहऱ्याचा एकेक तुकडा उतरवून काढायला सांगायचे. आज फक्त गाल. पुढच्या रविवारी फक्त कान. कुणी भराभरा काळं करायला लागलं की ओरडायचे, “सावली भरू नका रे! रेघ वळवा. रेघ नीट वळली की सावली आपोआप पडते.”

सेनेका कोण, हेही त्यांनीच सांगितलं. रोमचा तत्त्वज्ञ. नीरो बादशहाचा शिक्षक. इसवी सन ६५ मध्ये त्याच शिष्याने त्याला मरणाचा हुकूम पाठवला. याने आरडाओरडा केला नाही, स्वतःच्या शिरा कापून घेतल्या आणि प्राण जाईपर्यंत जवळच्यांशी बोलत राहिला. गोष्ट संपली की सर भिंतीकडे बोट दाखवायचे. “बघा, चेहऱ्यावर दिसतंय की नाही?” आणि आम्हाला ते खरंच दिसायचं.

वीस-बावीस वर्षांनी मला कळलं की तो चेहरा सेनेकाचा नाहीच.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आम्हाला चुकवलं कुणी? सरांनी, ज्याने ते चित्र केलं त्याने, की ज्या रेघेचं सर एवढं कौतुक करायचे त्या रेघेनेच? आजच्या भागात याचाच छडा लावायचा आहे.

बारा डोकी

सरांच्या भिंतीवरचं पान एका छापचित्राची नक्कल होतं. मूळ छापचित्र १६३८ सालचं, अँटवर्पचं. अँटवर्प आज बेल्जियममध्ये आहे. तेव्हा ते स्पेनच्या अमलाखालच्या नेदरलँड्समध्ये होतं आणि छपाईचं मोठं केंद्र होतं. तिथे पीटर पॉल रुबेन्स राहायचा. ज्या शैलीला आपण बरोक म्हणतो, म्हणजे हालचाल, आवेग, अंगावर येणारं जिवंतपण, तिचा हा उत्तर युरोपातला सगळ्यात मोठा चित्रकार.

रुबेन्सला जुन्या ग्रीक-रोमन शिल्पांचं वेड होतं. १६०० ते १६०८ अशी आठ वर्षं तो इटलीत होता आणि तिथे त्याने पुतळ्यांची रेखाटनं करून वह्या भरल्या. पुढे १६१८ मध्ये हेगमधले इंग्रज वकील सर डडली कार्लटन यांच्याशी त्याने सौदा केला. रुबेन्सची चित्रं तिकडे गेली आणि कार्लटनकडचे संगमरवरी पुतळे इकडे आले. स्वतःच्या हातची चित्रं देऊन दगड घेणारा माणूस तो!

१६३८ मध्ये त्याच्या रेखाटनांवरून बारा छापचित्रांची एक मालिका निघाली. बारा प्रसिद्ध ग्रीक आणि रोमन पुरुष, सगळे अर्धपुतळ्यांच्या रूपात. त्यात सॉक्रेटिस, प्लेटो, सोफोक्लीस, हिप्पोक्रॅटिस, डेमोस्थेनिस आणि डेमॉक्रिटस आहेत, तसेच सिसेरो, सीझर, ब्रुटस, स्किपिओ आणि नीरोही. आणि नीरोच्या सोबतीला त्याचा गुरू सेनेका. तांब्यावर कोरण्याचं काम चौघांनी वाटून घेतलं होतं. हिप्पोक्रॅटिस पाउलुस पोंटियसने कोरला, सिसेरो हान्स विटडूकने, सीझर बुटियस बोल्सवेर्टने, आणि सेनेका लुकास व्होर्स्टरमानने.

या चित्रांच्या तळाशी लॅटिनमध्ये बारीक अक्षरांत काही मजकूर असतो. पहिली गोष्ट, ‘एक्स मार्मोरे अँटिको’, म्हणजे प्राचीन संगमरवरावरून. मग रेखाटलं कुणी त्याचं नाव. मग कोरलं कुणी त्याचं नाव, आणि त्यापुढे ‘स्कल्प.’ हा पूर्ण शब्द ‘स्कल्प्सिट’, त्याचा अर्थ ‘याने कोरलं’. लक्षात घ्या, लॅटिनमध्ये मूर्तिकारासाठी आणि तांब्यावर कोरणाऱ्यासाठी हे एकच क्रियापद आहे. एकाने दगड कोरला, दीड हजार वर्षांनी दुसऱ्याने त्याच चेहऱ्यासाठी तांबं कोरलं.

तांब्यावर रेघ कशी काढतात

आता थोडं कारखान्यात जाऊ.

आपल्या घरी लग्नातल्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. आजीच्या पातेल्यावरचं नाव बोटाने चाचपून बघा, ठिपके ठिपके लागतील. तिथे धातू ठोकून दाबलेला असतो. छापचित्राच्या कोरीवकामात धातू दाबायचा नसतो, काढून टाकायचा असतो. त्यासाठी ब्युरिन नावाचं हत्यार असतं. चौकोनी पोलादी सळई, टोक तिरकं घासून धारदार केलेलं, मागे लाकडी मूठ. मूठ तळहातात धरायची आणि टोक पत्र्यावरून पुढे ढकलायचं, शेतात नांगर जावा तसं. नांगरामागे सरी पडते, ब्युरिनमागे तांब्याची बारीक तार वळत वर येते. कडेला राहिलेली कूस खरवडून साफ करायची.

यातली खरी मेख अशी की वळणदार रेघ काढताना हात फारसा वळवायचाच नसतो. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या गादीवर ठेवलेला असतो. उजवा हात जवळजवळ स्थिर राहतो आणि डावा हात खालचा पत्रा फिरवत जातो. म्हणजे गालाची गोलाई काढायची तर गालच हत्याराखालून फिरवायचा.

मी हे एकदा करून पाहिलं आहे. बडोद्यात एका मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेत आठवडाभर बसले होते. पहिल्या दिवशी माझी रेघ दोन इंच सरळ गेली आणि मग ब्युरिन सटकून डाव्या अंगठ्यात शिरलं. शिकवणाऱ्या बाईंनी पट्टी बांधली आणि म्हणाल्या, “जोर खांद्यातून लाव, मनगटातून नको. आणि डावा हात कधीही हत्यारासमोर ठेवू नकोस.” आठवड्याच्या शेवटी माझ्याकडे एक वाटोळं लिंबू तयार झालं होतं. माणसाचं नाकसुद्धा नाही, नुसतं लिंबू. तेव्हापासून व्होर्स्टरमानच्या रेघेकडे बघताना माझा अंगठा दुखतो.

पत्रा कोरून झाला की त्यावर घट्ट शाई चोळायची आणि वरची सगळी पुसून टाकायची. खाचांमधली शाई तेवढी आत राहते. मग ओलसर कागद पत्र्यावर ठेवायचा, वर जाड लोकरी कापड आणि दोन रुळांमधून ते सगळं जोराने दाबून काढायचं. कागद खाचेत घुसतो आणि शाई उचलून आणतो. जुन्या ठशावरची रेघ बोटाला किंचित उंच लागते ती यामुळे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, खाच जितकी खोल तितकी रुंद, आणि जितकी रुंद तितकी काळी. म्हणजे एकाच रेघेत हाताचा जोर वाढवला की ती फुगते, कमी केला की केसासारखी बारीक होऊन विरते. दुसरी, छापताना सगळं उलटं होतं. डावं उजवीकडे जातं, म्हणून अक्षरं पत्र्यावर आरशातल्यासारखी कोरावी लागतात. आपल्याकडे ताम्रपट शतकानुशतकं कोरले गेले, पण ते पत्र्यावरच वाचायचे असायचे, म्हणून अक्षर सुलटं. १८०५ साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. त्या कारागिराला प्रत्येक श्लोक उलटा कोरावा लागला असणार. तांबं तेच, कोरणंही तेच, पण छापायचं म्हटलं की डोळ्याला नव्याने शिकावं लागतं.

दगड दाखवायचा की माणूस?

आता मुख्य अडचण. संगमरवर पांढरा आणि एकरंगी असतो. तो कागदावर दाखवायचा तर हातात फक्त काळी रेघ. राखाडी रंग नाही, पुसट छटा नाही. मग गोलाई दाखवायची कशी?

हे कोडं सोडवणाऱ्यांत हार्लेमच्या हेंड्रिक गोल्त्सियसचं नाव आधी घ्यावं लागतं. लहानपणी त्याचा उजवा हात भाजून आखडला होता. तसल्या हाताने त्याने ब्युरिन असं चालवलं की युरोप बघत राहिला. १५९०-९१ मध्ये तो रोमला जाऊन पुतळे रेखाटून आला. त्याचा फार्नेस हर्क्युलिस पाठीकडून काढलेला आहे. अगडबंब पाठ, आणि खाली कोपऱ्यात मान वर करून बघणारी दोन माणसं. पाठीच्या प्रत्येक स्नायूवरून रेघा समांतर धावतात. फुगवट्याच्या सावलीच्या बाजूला जाड होतात, उजेडाकडे येताना बारीक होत जातात आणि जिथे प्रकाश थेट पडतो तिथे संपतात. तिथे कोरा कागद. रेघ वळते, फुगते, विरते, आणि या तीन गोष्टींत डोंगराएवढी पाठ उभी राहते. सर जे म्हणायचे ते हेच.

फ्रान्सचा क्लोद मेलां याच वाटेने टोकाला गेला. रोममध्ये जुस्तिनियानी घराण्याच्या पुतळ्यांच्या संग्रहाची जी मोठी चित्रमालिका निघाली, तिच्यासाठी त्याने पुतळे कोरले. मेलांला रेघेवर रेघ आडवी घालायला आवडायचं नाही. एकाच दिशेच्या रेघा, फक्त जाडी बदलायची. १६४९ मध्ये त्याने येशूचा चेहरा अख्खा एकाच रेघेत कोरला. नाकाच्या शेंड्यापासून सुरू होणारी, गोल गोल बाहेर जाणारी एक रेघ. कुठे जाड, कुठे बारीक, आणि त्यातूनच डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट.

मेलांचे पुतळे पाहिले की ते दगडाचेच वाटतात. गार, स्वच्छ, उजेडात ठेवलेले. रुबेन्सला नेमकं हेच नको होतं.

पुतळ्यांची नक्कल कशी करावी यावर रुबेन्सने लॅटिनमध्ये एक छोटं टिपण लिहिलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १७०८ मध्ये रोजे द पील या फ्रेंच लेखकाने छापलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. चित्रकाराने जुने पुतळे प्यायल्यासारखे आत्मसात करावेत, पण चित्राला दगडाचा वास येता कामा नये. दगडावरची सावली आणि कातडीवरची सावली वेगळी असते. दगडातून उजेड आत शिरत नाही, म्हणून त्याची सावली काळी आणि कडक पडते. कातडी थोडा उजेड आत घेते, म्हणून तिची सावली मऊ. ज्याला हा फरक कळत नाही तो माणूस काढायला जातो आणि रंगवलेला पुतळा काढून बसतो.

आता या डोळ्यांनी व्होर्स्टरमानचा सेनेका बघा. खाली दगडी बैठक आहे, तिच्यावर नाव आहे. तो भाग दगडच आहे. वर मानेपाशी आलात की रेघांची चाल बदलते. शिरांवरून त्या लांब आणि ताणलेल्या जातात. गालाच्या खळग्यात एकमेकींना तिरक्या छेदतात. उजेडाच्या जवळ रेघ तुटून बारीक टिपके होतात, आणि त्या टिपक्यांमुळे सावली कडक न राहता मऊ पडते. केसांच्या बटा दगडात कोरल्यासारख्या नाहीत, घामाने चिकटल्यासारख्या आहेत. आणि डोळे! जुन्या संगमरवरी पुतळ्यांचे डोळे बहुतेक वेळा कोरे वाटतात. हा म्हातारा मात्र कुठेतरी बघतोय.

मूळ दगडातला तो जीव रेखाटणाऱ्याने ओळखला आणि कोरणाऱ्याने तांब्यातून बाहेर काढला. सगळं श्रेय कुणा एकाला देता येत नाही. आणि हे श्रेय दोघांमध्ये वादाचं कारण ठरलं होतं.

काढणारा आणि कोरणारा

रुबेन्स फक्त चित्रकार नव्हता, पक्का व्यवहारी माणूस होता. आपल्या चित्रांची छापचित्रं दुसऱ्यांनी चोरून काढू नयेत म्हणून त्याने १६१९-२० च्या सुमारास फ्रान्स, स्पॅनिश नेदरलँड्स आणि डच प्रजासत्ताक अशा तीन सत्तांकडून हक्कपत्रं मिळवली. कोरणारा कसा हवा याबद्दलही त्याची मतं ठाम होती. १६१९ च्या एका पत्रात तो सांगतो की स्वतःच्या लहरीने चालणाऱ्या मोठ्या कलावंतापेक्षा आपलं म्हणणं नीट उतरवणारा तरुण मला बरा.

तो तरुण म्हणजे लुकास व्होर्स्टरमान. विशी ओलांडलेला, हाताने अफाट. दोन-तीन वर्षांत त्याने रुबेन्सच्या चित्रांवरून अशी छापचित्रं कोरली की रुबेन्सचं नाव युरोपभर गेलं. तैलचित्र एका भिंतीवर राहतं, ठसे शेकडो गावांत जातात. मग बिनसलं. १६२२ मध्ये रुबेन्स एका पत्रात तक्रार करतो की कोरणाऱ्याच्या अहंकारामुळे आणि हट्टामुळे काम ठप्प झालंय. त्याच वर्षी व्होर्स्टरमानपासून जिवाला धोका आहे म्हणून रुबेन्ससाठी सरकारकडे संरक्षण मागण्यापर्यंत गोष्ट गेली. पुढे व्होर्स्टरमान इंग्लंडला निघून गेला आणि काही वर्षांनी अँटवर्पला परतला.

भांडणात दोन्ही बाजू ऐकायच्या असतात, म्हणून माझं मत सांगते. महिनोन् महिने डोळे फोडून पत्रा कोरायचा, आणि नाव मोठं व्हायचं ते दुसऱ्याचं. पोराला राग आला असेल तर मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. सोळा वर्षांनी, १६३८ मध्ये, त्याच रुबेन्सच्या रेखाटनावरून तोच व्होर्स्टरमान सेनेका कोरतो, आणि त्यात कुठेही हात आखडता घेत नाही.

नाव कुठून आलं?

आता छडा लावायच्या गोष्टीकडे येऊ. या चेहऱ्याला सेनेका कुणी म्हटलं?

या म्हाताऱ्याचे जुने पुतळे पुष्कळ सापडले आहेत, पण त्यांच्यावर नाव नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये फुल्वियो ओर्सिनी नावाचे विद्वान होते, फार्नेस घराण्याचे ग्रंथपाल. प्राचीन चेहऱ्यांना नावं लावण्यात त्यांचा शब्द अखेरचा मानला जायचा. हा चेहरा सेनेकाचा, ही ओळख त्यांच्यापासून चालत आली. आधार होता एका जुन्या पदकावरच्या चेहऱ्याशी असलेलं साम्य. ते पदक आज उपलब्ध नाही.

पण लोकांना पटलं, कारण ते पटण्यासारखं होतं. रोमन इतिहासकार टॅसिटसने सेनेकाच्या मरणाचं वर्णन केलं आहे. तो म्हणतो की म्हातारपणाने आणि मोजक्या आहाराने शरीर इतकं वाळलं होतं की शिरा कापूनही रक्त लवकर वाहेना. आणि इथे समोर एक वाळलेला, शिरा ताणलेला म्हातारा. अजून काय पुरावा हवा?

रुबेन्ससाठी तर हा घरचा विषय होता. त्याचा भाऊ फिलिप हा युस्टुस लिप्सियसचा विद्यार्थी, आणि लिप्सियस म्हणजे त्या काळातला सेनेकाचा सगळ्यात मोठा अभ्यासक. इटलीहून येताना रुबेन्सने असाच एक संगमरवरी सेनेका अँटवर्पला आणला. लिप्सियसने संपादित केलेल्या सेनेकाच्या ग्रंथाची १६१५ ची आवृत्ती अँटवर्पच्या प्लँटिन-मोरेटुस छापखान्यातून निघाली, तिच्यातल्या सेनेकाच्या चित्रांसाठी रेखाटनं रुबेन्सची होती. फ्लॉरेन्सच्या पित्ती महालात त्याचं एक चित्र आहे. टेबलाभोवती लिप्सियस, फिलिप आणि आणखी एक शिष्य, मागे उभा स्वतः रुबेन्स, आणि वर कोनाड्यात हाच अर्धपुतळा. त्याच्याशेजारी काचेच्या भांड्यात चार ट्यूलिप, दोन उमललेली, दोन मिटलेली. लिप्सियस १६०६ मध्ये गेला होता, फिलिप १६११ मध्ये. मिटलेली दोन फुलं त्यांची. हे चित्र पाहिलं की कळतं, रुबेन्ससाठी हा पुतळा गेलेल्या भावाची आठवण होता. त्याच्या नावाबद्दल शंका घ्यावी असं त्याच्या मनात येणार तरी कसं?

अजून एक गंमत. रोमला काळ्या दगडाचा एक पुतळा होता. वाकलेला, उघडा म्हातारा. सेनेका मरताना टबात उभा आहे, असं समजून दुरुस्ती करताना त्याला खाली टबासारखं भांडं जोडून दिलं होतं. रुबेन्सने त्यावरूनही मरणाऱ्या सेनेकाचं मोठं चित्र केलं, ते म्युनिकला आहे. तो काळा पुतळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि अभ्यासक त्याला कोळी म्हणतात. मासे धरणारा म्हातारा कोळी. म्हणजे धड कोळ्याचं, डोकं दुसऱ्याच कुणाचं, आणि दोन्ही मिळून सेनेका!

१८१३

अठराव्या शतकात शंका सुरू झाल्या. प्राचीन कलेचा मोठा जर्मन अभ्यासक विंकेलमान याला ही ओळख खटकली होती. याच चेहऱ्याचं एक अप्रतिम ब्राँझचं डोकंही १७५४ मध्ये हर्क्युलेनियमच्या उत्खननात निघालं. नाव मात्र त्यावरही नव्हतं.

मग १८१३ मध्ये रोममध्ये एक जोडपुतळा सापडला. पाठीला पाठ लावलेली दोन डोकी. एकीकडे सॉक्रेटिस, त्याचं नाव ग्रीकमध्ये कोरलेलं. दुसरीकडे लॅटिनमध्ये स्पष्ट कोरलेलं, सेनेका. तो आज बर्लिनला आहे.

आणि हा सेनेका कसा? दाढी नाही. डोक्यावर केस जवळजवळ नाहीत. गाल भरलेले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी. खाऊनपिऊन सुखी असा गृहस्थ. पेढीवर बसलेला शेठ म्हटला तरी चालेल. तसं पाहिलं तर सेनेका रोममधल्या गडगंज माणसांपैकी एक होताच.

भिंतीवरचा म्हातारा मात्र एका दिवसात बिननावी झाला. आज त्याला ‘स्यूडो-सेनेका’ म्हणतात, म्हणजे तोतया सेनेका. ग्रीक कवी हेसिओड असावा असं काही म्हणतात, इतर नावंही सुचवली गेली आहेत. मला मात्र ‘तोतया’ या शब्दाचा राग येतो. त्या बिचाऱ्याने कधी म्हटलं होतं मी सेनेका आहे म्हणून?

आता छापचित्राच्या तळाचा मजकूर पुन्हा वाचा. प्राचीन संगमरवरावरून: खरं. रेखाटलं रुबेन्सने: खरं. कोरलं व्होर्स्टरमानने: खरं. या सगळ्या खऱ्या गोष्टींच्या मधोमध एकच गोष्ट चुकीची, ती म्हणजे नाव. आणि ते नाव दोनशे वर्षं टिकलं, कारण चेहरा इतका जिवंत होता की हा माणूस कोण असं विचारायची गरजच कुणाला वाटेना. कोरणाऱ्याने खोटं काही केलं नाही. पण त्याच्या हातातल्या खरेपणामुळे दुसऱ्याची चूक खरी वाटायला लागली. कच्च्या हाताचं चित्र असतं तर लोकांनी कदाचित आधीच विचारलं असतं.

ही गोष्ट फक्त युरोपची नाही. शिवाजी महाराजांचं म्हणून एकेकाळी एक चित्र सर्रास छापलं जायचं. ते दुसऱ्याच माणसाचं आहे हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिलं आणि महाराजांचं विश्वसनीय चित्र शोधून पुढे आणलं. तोपर्यंत त्या जुन्या चित्राला किती घरांत हार घातले गेले असतील, याचा विचार करून बघा. ज्यांनी हार घातले त्यांची भक्ती खरी होती. बेंद्र्यांनी त्या भक्तीला धक्का लावला नाही. त्यांनी कागदपत्रं वाचली.

सरांकडे

हे सगळं कळल्यावर मी इंदूरला गेले तेव्हा सरांकडे गेले. वय झालं होतं, ऐकू कमी यायचं. पुठ्ठा भिंतीवर तिथेच होता, कडा पिवळ्या पडलेल्या. सांगावं की नाही, याचा विचार मी आख्ख्या प्रवासात केला होता. शेवटी मोबाईलवर बर्लिनच्या पुतळ्याचा फोटो काढून त्यांच्यासमोर धरला आणि मोठ्याने सांगितलं, “सर, खरा सेनेका हा आहे.”

त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग हसले. “अगं, हा तर आमच्या बँकेच्या मॅनेजरसारखा दिसतोय.” थोड्या वेळाने भिंतीकडे बघत म्हणाले, “म्हणजे मी एवढ्या पोरांना चुकीचं सांगितलं.”

मी घाईघाईने म्हटलं, “सर, रेघ तर बरोबर शिकवलीत ना.”

“रेघ बरोबरच आहे,” ते म्हणाले. “पण मी रेघ दाखवून नाव पटवत होतो. ‘चेहऱ्यावर दिसतंय की नाही’ असं विचारायचो ना मी? तिथे चुकलो.”

मला वाटलं होतं ते म्हणतील, नावात काय आहे. ते तसं म्हणाले नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो त्यासाठी. मी नाव खोडू का विचारलं, तर म्हणाले, “खोडू नकोस. पुढे प्रश्नचिन्ह घाल.” मी पुठ्ठा खाली उतरवला आणि त्यांच्याच पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातलं. त्यांना ते नीट वळलेलं वाटलं नाही. त्यांनी खोडून पुन्हा काढायला लावलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या थोर माणसाचं जुनं चित्र समोर आलं, पुस्तकात, संग्रहालयात किंवा फोनवर आलेलं असलं, तरी तीन प्रश्न विचारा. हे काढलं कुणी? कशावरून काढलं? आणि हे नाव त्याला कुणी, कुठल्या आधारावर दिलं? पहिल्या दोघांचं उत्तर चित्राच्या तळाशी बहुधा मिळतं. तिसऱ्यासाठी थोडं शोधावं लागतं.

आणि जमलं तर एखादा जुना ठसा भिंगाखाली बघा. गालाच्या कडेने रेघ कुठे फुगते, कुठे विरते, तेवढंच बघा. नाव काहीही असो, त्या रेघेमागे कुणीतरी डाव्या हाताने पत्रा फिरवत बसलेलं होतं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.